मॅन्युअल की पॉवर ब्रेक : १९६८ च्या कमॅरोवर दोन्ही वापरून पाहिल्यानंतर

डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये आमचे घर आहे आणि गेली सहा वर्षे त्या घराच्या गॅरेजात १९६८ ची शेव्हर्ले कमॅरो उभी आहे. ३५० घनइंचाचे, म्हणजे ५.७ लिटरचे इंजिन, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स, पुढे ११ इंची डिस्क, मागे साडेनऊ इंचाचे मूळचे ड्रम आणि पॉवर नसलेले स्टिअरिंग, अशी तिची आजची मांडणी आहे. या गाडीवर मी आधी व्हॅक्यूम बूस्टरचा, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमने पायाला मदत करणाऱ्या डब्याचा, पॉवर ब्रेक संच बसवला आणि दोन उन्हाळे वापरला. मग तो काढून विलवुड कंपनीचा ७/८ इंच बोरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर, लावला आणि ब्रेक मॅन्युअल, म्हणजे निव्वळ पायाच्या जोरावर चालणारे, केले. या दुसऱ्या रचनेवर आता सुमारे दीड हजार मैल झाले आहेत. डिस्क, कॅलिपर, टायर आणि चालवणारा माणूस हे सारे दोन्ही वेळा तेच असल्यामुळे ही तुलना इतरांच्या उपयोगी पडेल असे मला वाटते.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा, कारण माझे पहिले पैसे त्यातच गेले. पॉवर ब्रेक म्हणजे अधिक ताकदीचे ब्रेक, असे बहुतेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात बूस्टर पायाचे कष्ट कमी करतो, एवढेच त्याचे काम आहे. चाक जाम होण्याइतका दाब पायाने निर्माण होत असेल, तर त्यापुढे गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड ठरवते, आणि त्या पकडीत बूस्टर काडीचीही भर घालत नाही. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की तेवढा दाब पायाला न शिणवता, दर वेळी आणि खात्रीने कोणती रचना देईल. त्याचे उत्तर गाडीगणिक, त्यातही इंजिनागणिक बदलते.

साठच्या दशकात या गाड्या कारखान्यातून निघाल्या तेव्हा चारही चाकांना ड्रम ही साधी रचना असे. पुढच्या डिस्क आणि पॉवर ब्रेक हे दोन वेगवेगळे पर्याय होते आणि त्यांचे वेगळे पैसे पडत. ड्रमची एक खुबी अशी की फिरणारा ड्रम ब्रेक शूला स्वतःबरोबर ओढतो आणि शू अधिक घट्ट आवळला जातो, म्हणजे चाक स्वतःच ब्रेकला हातभार लावते. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीने ज्यांचे लहानपण व्यापले आहे, त्यांना बूस्टरशिवायचे ड्रम ब्रेक पायाने चांगले आठवत असतील. ती गाडी हलकी होती आणि ड्रमचा हा गुण तिच्या कामी येत होता. डिस्कमध्ये असा हातभार मिळत नाही. कॅलिपर नावाचा चिमटा डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबतो आणि जेवढा दाब द्याल तेवढीच पकड मिळते. डिस्क तापल्यावरही काम सोडत नाही हा तिचा मोठा गुण आहे, पण तिला लागणारा दाब ड्रमपेक्षा बराच जास्त असतो. दीड टनाच्या गाडीला जोरात थांबवायचे तर कॅलिपरपाशी हजार पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास दाब पोहोचावा लागतो. डिस्कच्या जोडीला बूस्टर घेतला जाऊ लागला, तो या कारणाने.

माझ्या गाडीला पुढच्या डिस्क आधीच्या मालकाने लावल्या होत्या आणि बूस्टर नव्हता. पेडल जड होते. मी एका ऑनलाइन दुकानातून ७ इंचाचा बूस्टर आणि १ १/८ इंच बोरचा मास्टर सिलिंडर असा तयार संच मागवला. तो ‘थेट बसणारा’ असल्याचे जाहिरातीत लिहिले होते. बसला तो खरा, पण बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधली लहान पुशरॉड, म्हणजे पिस्टनला ढकलणारी दांडी, हवी त्यापेक्षा लांब होती. तिथे अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक लागते. ती नसेल तर पाय काढल्यावरही मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ब्रेक ऑइल परत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते, आणि ब्रेक तापून ऑइल फुगले की पॅड डिस्कला चिकटून राहतात. पहिल्याच फेरीत १२ मैलांवर पुढच्या चाकांतून जळका वास येऊ लागला आणि पाय न लावता गाडी मंदावू लागली. दुकानाला कळवले तेव्हा मोकळीक जुळवून घेणे ही बसवणाऱ्याची जबाबदारी आहे असे दोन ओळींचे उत्तर आले. जबाबदारी माझी असेलही, पण संचासोबतच्या कागदावर त्या मोजमापाचा उल्लेखही नव्हता, आणि ब्रेकसारख्या वस्तूच्या बाबतीत ही हयगय मला आजही क्षम्य वाटत नाही.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट नव्हती, आणि ती जास्त महत्त्वाची होती. इंजिनाचा व्हॅक्यूम किती हवा, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

पुशरॉड दुरुस्त केल्यावर ब्रेक छान लागू लागले. हायवेवरून उतरताना पेडलला बोट लावावे इतक्या हलक्या पायाने गाडी मंदावत असे आणि मी समाधानी होतो. मग ऑगस्टमधला तिसरा शनिवार आला. त्या दिवशी वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासून, २०२० चा अपवाद सोडता, दर वर्षी फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंतच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची रांग लागते आणि ती रांग चालते कमी, सरकते जास्त. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता नुसते चालू), दहा फूट पुढे, ब्रेक, पुन्हा दहा फूट, पुन्हा ब्रेक. अशा सरकण्यात लागोपाठ तिसऱ्यांदा ब्रेक लावला तेव्हा पेडल दगडासारखे झाले. पाय टेकला, पण पेडल खाली जाईना. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पाठ सीटला रेटून मी जोर लावला आणि पुढच्या गाडीच्या क्रोमच्या बंपरपासून वीतभर अंतरावर आमची गाडी थांबली. शेजारी मुलगा बसला होता. त्या संध्याकाळी मी गाडी गल्लीबोळांतून दुसऱ्या गिअरमध्येच घरी आणली.

दुसऱ्या दिवशी इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावले. हे काम संच मागवण्याच्या आधी करायला हवे होते. पाच मिनिटांचे काम आहे आणि साधे गेज वीस-तीस डॉलरला मिळते. व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात; काटा ९ आणि ११ इंचांच्या मध्ये थरथरत होता. कारखान्यातून आलेले साधे इंजिन आयडलवर १८ इंच पाऱ्याच्या आसपास व्हॅक्यूम देते. माझ्या इंजिनात आधीच्या मालकाने मोठा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टाकला आहे. ज्याच्यामुळे आयडलला तो घुमणारा, अडखळणारा आवाज येतो आणि लोक वळून पाहतात, तोच हा कॅमशाफ्ट. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही काळ एकदम उघडे राहतात आणि त्यामुळे आयडलवर व्हॅक्यूम टिकत नाही.

आता थोडा हिशेब पाहू. बूस्टर म्हणजे एक पत्र्याचा डबा आणि त्यात रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूला इंजिनाचा व्हॅक्यूम असतो, आणि पेडल दाबले की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा येते. त्या दोन दाबांतला फरक पडद्याला ढकलतो आणि पडदा मास्टर सिलिंडरला. १८ इंच व्हॅक्यूम म्हणजे चौरस इंचाला सुमारे ८.८ पौंडांचा फरक. ७ इंच व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस इंच, म्हणून ढोबळमानाने ३४० पौंडांची मदत मिळते. व्हॅक्यूम १० इंचांवर आला की हीच मदत १९० पौंडांवर उतरते, आणि पेडल लागोपाठ दाबल्यावर डब्यातला साठा संपत गेला की त्याहूनही खाली. हायवेवर मला हे जाणवले नाही, कारण थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये मंदावते तेव्हा मोठ्या कॅमशाफ्टच्या इंजिनातही व्हॅक्यूम भरपूर तयार होतो. कमी पडतो तो आयडलवर, म्हणजे गर्दीत. पॉवर ब्रेकची सर्वांत जास्त गरज ज्या ठिकाणी असते, नेमक्या त्याच ठिकाणी माझा बूस्टर उपाशी राहत होता.

यावर उपाय आहेत. व्हॅक्यूम साठवण्याची टाकी मी लावून पाहिली. तिने दोन-तीन वेळा ब्रेक लावण्यापुरता साठा वाढवला, पण तूट भरून काढली नाही. ९ इंचाचा बूस्टर लावला असता तर १० इंच व्हॅक्यूमवरही जवळपास ३१० पौंड मिळाले असते, परंतु माझ्या उंच व्हॉल्व्ह कव्हरला तो घासतो. विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप काम चोख करतो, मात्र त्याचा घरघराट केबिनमध्ये येतो आणि जुन्या वायरिंगवर एक भार वाढतो. हायड्रोबूस्ट हा उपाय मला या सर्वांत श्रेष्ठ वाटतो. १९७३ मध्ये आलेली ही बेंडिक्सची रचना व्हॅक्यूमऐवजी पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा दाब वापरते, त्यामुळे कॅमशाफ्ट कितीही मोठा असला तरी तिला फरक पडत नाही. पण माझ्या गाडीत पॉवर स्टिअरिंगच नाही, आणि ब्रेकसाठी पंप, कंस, पट्टा आणि चार होज वाढवणे मला पटले नाही. म्हणून मॅन्युअलकडे परत जायचे ठरले.

इथे सर्वांत मोठी चूक होते, आणि मॅन्युअल ब्रेकची बदनामी बहुतांशी तिच्यामुळे झाली आहे. लोक बूस्टर काढतात, त्याच्यासोबत आलेला मोठ्या बोरचा मास्टर सिलिंडर तसाच फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) लावतात, पुशरॉड पेडलच्या दांड्यातल्या पॉवर ब्रेकच्याच भोकात ठेवतात, आणि मग मॅन्युअल ब्रेक फार जड असतात असे सांगत फिरतात. शाळेत शिकलेले तरफेचे आणि पास्कलचे नियम इथे शब्दशः लागू पडतात. पेडल ही तरफ आहे. पॉवर ब्रेकच्या भोकात ती पायाचा जोर साधारण चौपट करते, मॅन्युअलच्या भोकात सहापट. मास्टर सिलिंडरचा बोर जितका लहान, तितक्या कमी क्षेत्रफळावर तोच जोर पडतो आणि दाब वाढतो. पायाने ६० पौंड, म्हणजे २७ किलोचा जोर दिला असे धरा. चौपट तरफ आणि १ १/८ इंच बोर असेल तर ऑइलमध्ये सुमारे २४० पीएसआय दाब तयार होतो. सहापट तरफ आणि ७/८ इंच बोर असेल तर त्याच पायाने ६०० पीएसआय. अडीचपट फरक पडतो, आणि त्यासाठी बूस्टर, व्हॅक्यूम, पंप यांपैकी काहीही लागत नाही. जोरात पाय मारून १०० पौंड दिले, तर हा दाब हजारापाशी जातो. अर्थात याची किंमत अंतरात मोजावी लागते. जोर जितका वाचतो, तितके पेडलला जास्त खाली जावे लागते. म्हणून बोर वाटेल तेवढा लहान करता येत नाही. कॅलिपर भरण्याइतके ऑइल एका दाबात ढकलले गेले पाहिजे. माझ्या पुढच्या कॅलिपरला प्रत्येकी एकच मोठा पिस्टन आहे आणि मागे ड्रम आहेत. या जोडीला ७/८ इंच नेमका पुरतो, आणि पेडल जमिनीपासून भरपूर वर असतानाच ब्रेक घट्ट लागतो.

बसवण्याच्या कामात सांगण्यासारखी गोष्ट डॅशबोर्डखाली आहे. सीट काढून पाठीवर आडवे झालो, तोंडात टॉर्च धरला आणि पेडलचा दांडा पाहिला, तर त्यात कारखान्यातूनच दोन भोके पाडलेली होती, एकाखाली एक, जेमतेम एका इंचाच्या अंतरावर. खालचे भोक पॉवर ब्रेकसाठी असते आणि वरचे, पेडलच्या टेकूला जवळचे, मॅन्युअलसाठी. खालच्या भोकातली पिन चकचकीत झिजलेली होती. वरच्या भोकाभोवती पन्नास वर्षांपूर्वीच्या गंजाचे तपकिरी कडे होते आणि आत धूळ गच्च बसली होती. ते बारीक कानशीने साफ केले, नवी क्लेव्हिस पिन घातली, स्प्लिट पिन वाकवली. ज्या एका इंचाने तरफ चारची सहा होते, तो इंच या गाडीच्या अभियंत्यांनी दोन्ही प्रकारच्या ग्राहकांसाठी एकाच दांड्यात ठेवून दिला होता, याचे मला फार कौतुक वाटले.

विलवुडचा सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा आहे, हलका आहे आणि फायरवॉलच्या बोल्टांवर ओढाताण न करता बसला. त्याच्यासोबत मॅन्युअलसाठीची लांब पुशरॉड घेतली. ही बाब जिवाशी निगडित आहे, म्हणून तिच्याबद्दल स्पष्ट लिहितो. मॅन्युअल ब्रेकसाठीच्या सिलिंडरच्या पिस्टनमध्ये पुशरॉड बसण्याचा खळगा खोल असतो. पॉवरसाठीच्या सिलिंडरमध्ये तो उथळ असतो, कारण तिथे बूस्टर पुशरॉडला धरून ठेवतो. उथळ खळग्याचा सिलिंडर मॅन्युअल पेडलला लावला, तर पुशरॉड निसटून पेडल रिकामे खाली जाऊ शकते. विकत घेताना बोरइतकीच या खळग्याची चौकशी करावी, आणि विकणाऱ्याला सांगता आले नाही तर ती वस्तू घेऊ नये. सिलिंडर गाडीवर चढवण्यापूर्वी शिकंज्यात धरून त्यातली हवा काढली, मग चारही चाकांची काढली. या कामात पत्नीने पेडल सांभाळले. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा एक थेंब फेंडरवर पडला. पुसेपर्यंत त्या जागेचा रंग मऊ झाला होता, तेव्हा फेंडरवर ओले फडके घालूनच हे काम करावे.

पॅडही बदलले, आणि त्याचा परिणाम माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा झाला. आधीचे सेमी-मेटॅलिक पॅड तापल्यावर उत्तम, पण थंड असताना निसरडे होते. बूस्टरच्या मदतीमुळे तो दोष झाकला जात होता. पॅडच्या कडेवर छापलेल्या संकेतात दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले थंड असतानाची पकड सांगते आणि दुसरे तापल्यानंतरची. आधीच्या पॅडवर दोन्ही ‘ई’ होती, नव्यावर दोन्ही ‘एफ’ आहेत, आणि ‘एफ’ची पकड ‘ई’पेक्षा जास्त असते. मॅन्युअल ब्रेक करणाऱ्याने सिलिंडरच्या आधी ही दोन अक्षरे वाचावीत, असे मी सुचवीन.

रस्त्यावर काय फरक पडला? पहिले दोन दिवस पाय बुचकळ्यात पडतो. बूस्टरच्या पेडलची हलकी सवय झालेली असते आणि मॅन्युअलला पहिल्यापासून ठाम दाब द्यावा लागतो. एकदा ते जमले की पेडल बोलू लागते. पॅड डिस्कला टेकले तो क्षण, पकड वाढत जाते ती चढण, आणि पुढचे चाक जाम होण्याच्या अगोदरची ती बारीक थरथर, हे सारे तळपायाला स्वच्छ कळते. बूस्टरच्या काळात पावसाळी सकाळी एकदा पुढची चाके जाम होऊन गाडी घसरली होती. आता ओल्या रस्त्यावर मी चाक जाम होण्याच्या अलीकडे पाय रोखू शकतो. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की इंजिन आयडलवर असो, बंद पडलेले असो वा गॅरेजच्या उतारावर गाडी नुसती घरंगळत असो, पेडल दर वेळी सारखेच लागते. या वर्षी वुडवर्डवर तीन तास सरकलो. मांडी दुखली, हे खरे आहे, पण एकदाही पेडलची भीती वाटली नाही.

मांडी दुखणे हा खरा तोटा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. रोज कामावर जाण्यासाठी, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास चालवण्यासाठी किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसासाठी मी मॅन्युअल डिस्क सुचवणार नाही. शिवाय पुशरॉड वरच्या भोकात गेली की पेडलची विसाव्याची जागा बदलते आणि ब्रेक लाइटचा स्विच पुन्हा जुळवावा लागतो. माझ्या हे लक्षात आले नव्हते आणि मागचे दिवे पहिल्या दिवशी सतत पेटलेले राहिले. मागून येणाऱ्या शेजाऱ्याने सांगितले तेव्हा कळले. आणि ज्यांची गाडी १९६७ पूर्वीची आहे, त्यांच्याकडे बहुधा एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर असेल, म्हणजे एक नळी फुटली तर चारही ब्रेक एकदम जातील. त्यांनी मॅन्युअल की पॉवर हा विचार बाजूला ठेवून पहिला खर्च दोन कप्प्यांच्या सिलिंडरवर करावा.

पत्नीने गाडी चालवून पाहिली तेव्हा पहिल्या सिग्नललाच ती म्हणाली, “पाय पुरतो, पण जोर लावायला मागे टेकू मिळत नाही.” सीट एक खाच पुढे घेतली, गुडघ्यात थोडा बाक आला आणि तिची तक्रार संपली. तेव्हा माझ्या लक्षात आले की मीही इतके दिवस सीट फार मागे ठेवून पाय ताणत होतो. पाय सरळ ताणलेला असेल तर मांडीचा जोर पेडलपर्यंत पोहोचत नाही. ही दुरुस्ती फुकट आहे आणि सिलिंडर बदलण्याआधी प्रत्येकाने ती करून पाहावी.

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला राहणारा माझा एक मित्र १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल बाळगून आहे. माझी गाडी चालवल्यावर तोही बूस्टर काढायला निघाला होता. त्याच्या गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, इंजिन कारखान्यातल्यासारखे आहे आणि ती कमॅरोपेक्षा बरीच जड आहे. मी गेज घेऊन गेलो. आयडलवर काटा १८ इंचांवर स्थिर उभा राहिला. मग इंजिन बंद करून त्याला पेडल पाच-सहा वेळा दाबायला लावले, शेवटच्या वेळी दाबूनच धरायला सांगितले आणि इंजिन चालू केले. पेडल त्याच्या पायाखाली अंगठाभर खाली गेले, म्हणजे बूस्टर धडधाकट होता. त्याची तक्रार एवढीच होती की रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सकाळी पहिला ब्रेक जड लागतो. बूस्टरची रबरी नळी टोकाला तडकली होती आणि तिच्या तोंडाशी असलेला एकमार्गी व्हॉल्व्ह दोन्हीकडून हवा सोडत होता. ते दोन्ही बदलले, वीस डॉलरच्या आत काम झाले, आणि त्याचा बूस्टर जिथे होता तिथेच आहे.